सुरूचा शेंडा

मोहर्ली,
९ जुलै १९५७

मनसा,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद वगैरे शेवटी देईन, आधी कामाचं ऐक. तुझं झाड पोचलं. जंगलखात्यातला दसरू नाकेदार तुमच्या समुद्राकडचं ट्रेनिंग आटोपून परवा परतला, तो थेट आपल्या अंगणात आला. बांबूच्या नळीत ओल्या मातीसकट हातभर उंचीचं रोप, आणि वरचा शेंडा बाळाच्या जावळासारखा मऊ. इतक्या लांबून, गाड्या बदलत, त्यानं ते मांडीवर ठेवून आणलं. त्याचे उपकार विसरू नको.

दसरूनं नळी बाबांच्या खाटेपुढं ठेवली आणि म्हणाला, "जमादार, मनसारामनं पाठवलं. तुमच्यासाठी." तू गेल्यापासून या घरात तुझं नाव कोणी मोठ्यानं घेतलेलं नाही. तुझी पत्रं मी शिकवते त्या शाळेच्या पत्त्यावर येतात, बाबांना ते पक्कं माहीत आहे, आणि माहीत नसल्यासारखं ते करतात. मला वाटलं, आता उठून आत जातील. पण त्यांनी नळी उचलली, माती बोटानं दाबून बघितली आणि विचारलं, "कोणतं झाड होय?"

दसरू हुशारीनं सांगत बसला. सुरू म्हणतात याला, समुद्राकाठच्या रेतीत येतं, खारा वारा खातं, वाऱ्यानं वाकतं पण पडत नाही, दिसायला देवदाराच्या भावकीतलं पण जात वेगळी, आणि बारा महिने हिरवं. बाबांचा जन्म सागाच्या लागवडीत गेला, उन्हाळ्यात उघडं पडणारं झाड त्यांच्या ओळखीचं. ते म्हणाले, "सालभर पान गाळत नाई? मंग थकत नाई का थे?" आणि हसले. किती दिवसांनी हसले ते मी सांगत नाही, तुला उगाच चढेल.

आता पुढचं ऐक आणि रागावू नको. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तोवर रोप लावून झालं होतं. घरामागच्या सांदवाडीत, विहिरीच्या पाणवाटेला, चांगली जागा बघून. पण लावलं कसं? आपला साग लावतात तसं. रोप नळीतून काढलं, वरचा शेंडा बोटभर ठेवून छाटला, बाजूच्या मुळ्या तासल्या, आणि उरलेलं गाजराएवढं ठुंठ सब्बलीनं जमिनीत पाडलेल्या भोकात घालून टाचेनं माती दाबली. छाटलेला शेंडा बाजूला पडला होता, तो कोमेजला होता. मी म्हटलं, "बाबा, हे काय केलं?" तर म्हणाले, "काय केलं म्हंजे? लावलं."

मग हात धुताना, माझ्याकडं न बघता म्हणाले, "फुटू दे. फुटलं का त्याले लिही, ये म्हणा."

मनसा, हे त्यांच्या तोंडचे शब्द आहेत, मी पदरचं काही घातलेलं नाही. लागवडीवरचा मजूर पोचूही तिथंच उभा होता, त्यानंही ऐकलं. तेव्हा मला उलट डाकेनं एवढंच कळव, की सुरू असा ठुंठातून फुटतो का.

तुझी बाई,
इंदिरा


मोहर्ली,
२९ ऑगस्ट १९५७

मनसा,

तुझं पत्र मिळालं. सुरूचा शेंडा गेला आणि मुळ्या तासल्या की ते रोप मेलंच, सागासारखा तो पुन्हा ठुंठातून उठत नाही, हे तू लिहिलंस. बरं केलंस. खाली जी ओळ लिहिलीस, "त्यांच्या हाताला छाटणंच येतं," ती लिहिली नसतीस तरी चाललं असतं.

तुला वाटतं त्यांनी रागानं छाटलं. अरे, त्या दिवशी त्यांनी कोयत्याला आधी धार लावली. छाटलेल्या तोंडाला माती लावली. मजुरांनी लावलेल्या हजारो ठुंठांकडं ते नुसती नजर टाकत पुढं जायचे, आणि हे एक त्यांनी स्वतः गुडघ्यावर बसून लावलं. त्यांना झाड लावायची एकच रीत माहीत आहे, ती त्यांनी तुझ्या झाडाला मनापासून केली. आता त्याच रितीनं ते मेलं, तर मी कुणाला दोष देऊ?

आणि जुनं उकरायचं असेल तर मीही उकरते. त्या उन्हाळ्यात लागवडीची राखण तुझ्याकडं होती, आणि तू शेजारच्या गावात दंडारीचा खेळ बघायला गेलास. वणवा आला. एवढाली झाडं जळून गेली. साहेबानं बाबांना विचारलं, राखणीवर कोण होतं. पोचू तर बिचारा म्हणत होता, माझं नाव सांगा जमादार, मनसा पोरगा आहे. बाबांनी तुझं नाव सांगितलं. पोचूच्या घरात खाणारी तोंडं किती होती ते तुला माहीत होतं. तुझी नोकरी गेली, तू समुद्र गाठलास, आणि तिथं पोचून काय केलंस, तर झाडंच लावायला लागलास. हसू येतं मला.

आता माझा बेत ऐक. दुसरं रोप पाठव. शेंड्यासकट, मातीसकट, नळीसकट. चांद्याच्या स्टेशनवर पार्सल आलं तर मी जाऊन आणीन. पहाटे ते ठुंठ उपटून त्याच जागी लावीन आणि बाबांना म्हणेन, फुटलं. बाबा फसतील का, विचारशील. मुळीच फसणार नाहीत, त्यांनी जन्मभर झाडं बघितली आहेत. पण फसल्यासारखं करतील. तुझ्या पत्रांचं करतात तसं.

त्यांना खोकला लागला आहे. पावसाळ्याचा असेल.

रोप पाठव.

बाई


मोहर्ली,
३० ऑक्टोबर १९५७

मनसा,

दिवाळी झाली. दर डाकेला मी रोपाची वाट बघितली, आणि आलं काय, तर कार्ड. त्यात रोपाविषयी अवाक्षर नाही, समुद्राविषयी पानभर. तू कुणावर गेलास ते वेगळं सांगायला नको.

पण ते कार्ड वाया गेलं नाही. बाबा खाटेवर पडून होते, मी दाराशी बसून मोठ्यानं वाचलं. मुलांचा धडा तयार करते असं सोंग केलं. तू लिहिलंस ना, की समुद्राला लागून पहिली रांग असते, ती वाऱ्यानं सगळी जमिनीकडं वाकलेली, अंगातली हवा गेल्यासारखी. तिच्यामागची थोडी कमी वाकलेली. आणि त्याच्यामागं पार सरळ, ताडासारखी उंच. पहिल्या रांगेनं वारा खाल्ला म्हणून मागची सरळ वाढली, आणि त्यांच्या आडोशाला भाताची खाचरं आणि घरं. झाडांतून सारखा आवाज येतो, आणि तो समुद्राचा की झाडांचा ते नव्या माणसाला कळत नाही.

मी थांबले. खाटेवरून आवाज आला, "धड्यात पुढं काय हाये?"

मी म्हटलं, "संपला धडा."

त्यांनी कूस बदलली. मग म्हणाले, "पुढची रांग कोणं लावली, थे नाई दिलं का धड्यात?"

मनसा, तू ते लिहायला हवं होतंस. लिहून पाठव, मी दुसरा धडा म्हणून वाचीन.

ठुंठाभोवती त्यांनी बांबूच्या कमच्यांचं कुंपण केलं आहे, शेळ्या येऊ नयेत म्हणून. सकाळी उठले की आधी तिथं. तांब्याभर पाणी घालतात, उकिडवे बसतात, खोकतात, येतात. शेजारची गुणाबाई कुंपणावरून चेष्टा करते, "जमादार, काडीले पाणी घालून राह्यले का?" बाबा सांगतात, "झोपलं हाये." गावात आता कुणी आळशासारखा उशिरा उठला की म्हणतात, जमादाराच्या झाडावानी झोपला. मलाही एकदा हसू आलं, नंतर वाईट वाटलं.

अंगावरचं मांस उतरलं आहे. लागवडीवर जाणं बंद केलंय. काम सोडलं असं म्हणत नाहीत, "उद्या जातो" म्हणतात.

रोप पाठवायला तुझं काय अडतं? तुझ्या हातून दिवसाला शंभर रोपं जात असतील.

बाई


मोहर्ली,
८ जानेवारी १९५८

मनसा,

बाबांना चांद्याला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढायला सांगितला, आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, छाती दोन्हीकडून गेली आहे, उन्हाळा निघणं कठीण. मी बाहेरच्या बाकावर थोडी बसले, तोंड पुसलं, आत गेले. बाबांनी विचारलं, "काय म्हणते?" मी म्हटलं, थंडीचं आहे. ते म्हणाले, "हो. थंडीचंच हाये." आम्ही दोघं बैलगाडीतून घरी आलो आणि वाटेत झिंगूकाकांच्या शेतातल्या तुरी कशा आल्या आहेत ते बोललो.

आता तुला जे सांगायचं आहे ते. काल सकाळी मी विहिरीवर होते, त्यांना दिसत नव्हते. ते कुंपणापाशी बसले. पाणी घातलं. मग अंगठ्याच्या नखानं त्यांनी ठुंठाची साल खरवडली. झाड जिवंत आहे की नाही हे कसं बघतात ते तूही त्यांच्याकडूनच शिकलास. खाली हिरवं असेल तर जीव आहे. मी जवळ गेले नाही, पण त्यांनी तोंड फिरवलं तेव्हा कळलं. आणि ठुंठावर जुने खरवडलेले डागही होते, वरपासून खालपर्यंत. मी नंतर जाऊन बघितलं. आत सगळं काळं-तपकिरी, कोरडं. त्यांना पोळ्यापासूनच माहीत असणार.

मग इतके दिवस पाणी कशाला घालत होते?

मी रात्रीचं जेवण वाढताना विचारलंच. म्हटलं, "बाबा, वाळलं ना ते?" त्यांनी घास तोंडात घातला, सावकाश खाल्ला, आणि म्हणाले, "साग दोन दोन बरसाती झोपून राह्यते. मंग फुटते." मी म्हटलं, हा साग नाही. ते म्हणाले, "तुले काय समजते?"

मला समजतं, मनसा. फुटलं तर बोलावीन, हा शब्द पोचूसमोर गेला आहे. वाळलं असं तोंडानं म्हटलं की तुला बोलवायची वाट बंद झाली. म्हणून ते वाळत नाही. मुखरू जमादाराचा शब्द आहे, तो मोडायचा नाही आणि पाळायचाही रस्ता नाही, असं त्यांचं घोडं अडलं आहे. माझ्या डोळ्यांदेखत एक माणूस मेलेल्या काडीला पाणी घालत मरतो आहे, आणि मला ते बघवत नाही.

रोप राहू दे. तूच ये. न बोलावता ये.

बाई


मोहर्ली,
१८ फेब्रुवारी १९५८

मनसा,

"त्यांनी स्वतःच्या तोंडानं ये म्हटलं तर त्याच दिवशी निघेन." हे लिहिलंस तू. आजारी बाप आणि तू अटी घालतोस.

तुम्ही दोघं एकाच लाकडाचे. आणि मी मधे, एकाची पत्रं लपवून वाचते आणि दुसऱ्याची थुंकी पुसते. मला कंटाळा आला आहे. तू चार वर्षं समुद्राचा वारा खाल्लास, पण वाकायला काही शिकला नाहीस.

जास्त लिहीत नाही. लिहिलं तर वाईट लिहीन.

बाई


मोहर्ली,
११ मार्च १९५८

(हे पत्र बाबांचं आहे. ते बोलले तसं उतरवलं आहे. सांगायला बसण्याआधी त्यांनी मला विचारलं, सुरूचं पान कसं असतं, धड्यात काय होतं? मी सांगितलं, पान म्हणजे काडीच, बारीक, सुईसारखी. मग म्हणाले, घे कागद. – इंदिरा)

मनसाराम यास,

तुझं झाड फुटलं. म्या म्हटलं होतं का फुटलं का बलावीन, म्हणून बलावून राह्यलो. पोचूले इचार, त्यानं बी पाह्यलं. पान सुईवानी हाये, लंबं, हिरवंगार. इथी वारा नाई, म्हणून सरळ चाललं. तुझ्या तिकडल्यावानी वाकलं नाई.

तुझी बहीण लिहिता लिहिता माझ्या तोंडाकडं पाहून राह्यली. तिले म्हटलं, म्या सांगतो थे लिही.

त्याची निगा कशी करा लागते, थे मले नाई समजत. सागाचं समजते, याचं नाई. शेंडा ठेवा लागते म्हणते दसरू. तू येऊन सांग. तू सांगशीन तसं पोचू करन.

जबाब दिला होता थो खरा होता, थो मी बदलवत नाई. पण घर तुले बंद नोयतं केलं. तू आला नाई अन् म्या बलावलं नाई. आता बलावतो. आगीची गोठ काढाची नाई, ना तू ना मी.

पुढची रांग तूच लावली काय, थे येऊन सांग.

लवकर ये.

मुखरू जमादार


मोहर्ली,
१४ मार्च १९५८

मनसा,

बाबा परवा गेले. वरचं पत्र मी दुसऱ्या दिवसाच्या डाकेत टाकणार होते, डाकवाला यायच्या आधीच ते गेले. म्हणून दोन्ही एकाच पाकिटात घालते आहे.

त्रास झाला नाही असं लिहिणार होते, पण झाला. पहाटे श्वास लागला. मला म्हणाले, "पत्र गेलं काय?" मी म्हटलं, गेलं. खोटं बोलले. ते म्हणाले, "मंग होळीच्या सुट्ट्या सरल्या, आता रेल्वेले गर्दी नसन." मग उजाडताच दाराकडं तोंड करून झोपवायला सांगितलं. बाहेर मोहफुलं वेचणाऱ्या बायांचा आवाज येत होता, त्या आवाजातच गेले.

अग्नी झिंगूकाकांनी दिला, तुझ्या जागी. सगळा गाव होता, लागवडीवरचे मजूर होते, दसरूही होता. साहेबानं हार पाठवला. ठुंठाचं काय करायचं, मला सुचेना. ते तसंच ठेवलं असतं तर रोज सकाळी माझे पाय तिकडं वळले असते. मी ते उपटलं, मूळ धरलेलं नव्हतं, सहज निघालं. पोचूच्या हातात दिलं. त्यानं ते बाबांच्या उजव्या हाताशी ठेवलं आणि वर लाकडं रचली.

पोचूला मी विचारलं होतं, बाबांनी पत्रात तुझं नाव घेतलं आहे, तू पाहिलंस म्हणून. तो म्हणाला, "पाह्यलं ना बाई. म्या पाह्यलं." आणि डोळ्यांवर गमछा धरला.

झाड फुटलं नव्हतं, हे तुला माहीत आहे. त्यांनाही माहीत होतं. स्वतःच्या पोरासाठी ज्यानं खोटा जबाब दिला नाही, त्यानं हा एक दिला, आणि साक्षीदारही उभा केला. तुला तोंडानं बोलावणं हवं होतं ना? हे घे. खाली अंगठा नाही, सही आहे. वेडीवाकडी आली आहे, पण त्यांचीच आहे.

मी तुझ्यावर रागावलेली नाही असं म्हणणार नाही. रागावलेली आहे. बराच काळ राहीन. तरी तेरवीला ये. आलास की मी ताट वाढीन, बोलणार नाही कदाचित, तू मनावर घेऊ नको. पहिल्या पत्रात म्हटलं होतं आशीर्वाद शेवटी देईन, तो प्रत्येक वेळी राहूनच गेला. आता तो वरच्या पत्रातला धर, "लवकर ये" लिहिलंय तिथला.

विहिरीजवळचा खड्डा बुजवलेला नाही. कुंपणही तसंच आहे. रोप आणायचं असेल तर आण. त्याचा शेंडा छाटणारं आता इथं कोणी उरलं नाही.

तुझी बाई,
इंदिरा